बट्रान साहेबाची गोड दारू

देवसिंगनं बाटली खिडकीतल्या उन्हात धरली, जरा तिरपी केली, पुन्हा सरळ केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "गुरुजी, हे तं बकऱ्याचं रगत हाय."

तो काय म्हणतो, असं साहेबांनी मला विचारलं. मी थोडा घुटमळलो आणि सांगितलं की त्याला रंग फार आवडला. साहेब इतके खूश झाले की त्यांनी लगेच बूच काढलं आणि त्याचा वास देवसिंगला घ्यायला लावला. देवसिंगनं डोळे मिटून वास घेतला. मग ते बूच त्यानं माझ्या नाकाशी आणलं. मनुका, जुनं लाकूड आणि चुलीवर जरा जास्त झालेला गुळाचा पाक, असं काहीतरी होतं त्यात. वासांचं वर्णन मला जमत नाही. पुस्तकांत वाचलेली वर्णनंही पुष्कळदा खोटीच वाटतात. पण एवढं आठवतं की सरकारी बंगल्याची ती ओलसर खोली त्या वासानं एकदम कुणाच्या तरी घरासारखी वाटायला लागली.

हे १९५७ च्या हिवाळ्यातलं. मुकुटबनच्या आसपास चुनखडीचा दगड किती खोल आहे ते पाहायला एक फ्रेंच भूगर्भतज्ज्ञ आले होते. त्यांचं नाव बेर्त्राँ. ते कुणालाच म्हणता येईना, म्हणून गावानं त्यांचं बट्रान साहेब केलं, आणि महिनाभरात तेही स्वतःला बट्रानच म्हणवून घेऊ लागले. त्यांचं इंग्रजी मोडकं आणि माझं पुस्तकी, त्यामुळे आमचं जमलं. मी गावातल्या शाळेत मास्तर होतो. शाळा सुटली की बंगल्यावर जायचं, मजुरांचं म्हणणं साहेबांना आणि साहेबांचं मजुरांना सांगायचं, एवढंच माझं काम.

देवसिंग त्या बंगल्याचा चौकीदार. जवळच्या तांड्यावरचा बंजारा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून कुठं कुठं हिंडलेले, देवसिंग मात्र पांढरकवड्याच्या पलीकडे फारसा गेलेला नव्हता. त्याच्या खाकी कोटाची पितळी बटणं तो रोज राखेनं घासायचा. कंदिलाच्या काचा पुसणं, घंगाळात पाणी तापवणं, साहेबांचे बूट उन्हात ठेवणं आणि ऊन सरकलं की तेही सरकवणं, असा त्याचा दिवस. त्या बंगल्यात किती साहेब आले आणि गेले. त्यांपैकी कुणाला त्याचं नाव आठवत असेल असं वाटत नाही. बट्रान साहेबांना मात्र ते पहिल्या दिवसापासून पाठ होतं, कारण त्यांच्या तोंडात नीट बसणारं आसपासचं तेवढंच एक नाव होतं.

त्या दारूला साहेब बान्यूल्स म्हणत. ते त्यांच्याकडच्या एका गावाचं नाव. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, समुद्राच्या काठावर उभे दगडी उतार आहेत, त्यात धुरे, म्हणजे बांध, घालून द्राक्षाचे वेल लावतात. द्राक्षाचा रस आंबायला ठेवतात आणि निम्मी गोडी शिल्लक असतानाच त्यात वरून कडक दारू ओततात. आंबणं तिथंच थांबतं आणि उरलेली गोडी तशीच राहते. मग मोठ्या काचेच्या बरण्यांत भरून ती वर्षभर उन्हात ठेवतात. हे सगळं मी देवसिंगला समजावून सांगितलं. उन्हातल्या बरण्यांपर्यंत आल्यावर त्याचा चेहरा खुलला. आंब्याचा साखरांबा त्याची बायको लालीबाईही उन्हातच ठेवते, तेव्हा ते लोक अगदीच परके नसावेत, असं त्याचं मत पडलं.

साहेब ती रोज रात्रीच्या जेवणानंतर लहानशा पेल्यात घेत. पण नुसती नाही. हिच्यासोबत काय खायचं ते त्यांच्याकडे ठरलेलं असतं म्हणे. चॉकलेट, सुकं अंजीर, अक्रोड, चेरीच्या रसात शिजवलेलं बदक. आणि मेंढीच्या दुधाचं खारट चीज, ज्याला आतपर्यंत निळी बुरशी लागलेली असते. बुरशीचं मी मुद्दाम जसंच्या तसं सांगितलं. देवसिंग म्हणाला की असलं काही लालीबाईच्या हाती लागलं तर ती ते उकिरड्यावर टाकेल आणि वर कोंबड्यांना तिकडं फिरकू देणार नाही. हे मी साहेबांना सांगितलं नाही.

यातलं मुकुटबनला काय मिळणार. साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर रहेमान पांढरकवड्याचा. त्यानं एकदा नागपूरहून चॉकलेटचा डबा आणला, पण वाटेत तो इंजिनाच्या बाजूला ठेवला होता. साहेबांनी ते चॉकलेट चमच्यानं खाल्लं आणि शेवटी चमचाही चाटला. मग त्यांनी ठरवलं की आता इथंच शोधायचं. दर रविवारी दुपारी बंगल्याच्या व्हरांड्यात टेबल मांडलं जायचं. साहेबांपुढे पेला, देवसिंगपुढे साहेबांनीच दिलेला दुसरा पेला, आणि मधे त्या दिवशी सुचलं असेल ते. मी पाणी घेऊन बसायचो. रहेमान बाटलीला शिवत नसे, पण बशीतलं सगळं खायचा. शराब त्याला हराम होती, तिच्याबरोबरचं जेवण हराम असल्याचं त्यानं कुठं ऐकलेलं नव्हतं.

वांग्याचं भरीत पहिल्याच रविवारी बाद झालं; मिरचीनं त्या दारूचा नुसता जाळ केला आणि साहेब अर्धा तांब्या पाणी प्यायले. बोरं आंबट पडली. तुरीच्या शेंगा मिठात उकडून आणल्या, त्या आम्ही सगळ्यांनी संपवल्या, पण दारूचा आणि त्यांचा काही संबंध जुळला नाही. काळा गूळ आणि भाजलेले तीळ आले तेव्हा साहेबांनी बशी स्वतःकडे ओढून घेतली. आणि एकदा लालीबाईनं मीठ-मिरं लावून तव्यावर परतलेली बकऱ्याची कलेजी पळसाच्या पानात बांधून पाठवली. ती घेऊन आली त्यांची मुलगी रुक्मा. साहेबांनी एक तुकडा खाल्ला, एक घोट घेतला आणि उठून उभे राहिले. रुक्माकडे वळून त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला. ती पदरात तोंड लपवून हसली आणि पळाली. तिच्या घागऱ्याच्या घुंगरांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला.

सीताफळ नेलं त्या रविवारचं मात्र मला नीट आठवतं. सीताफळ उत्तम पिकलेलं होतं. देवसिंगनं एक घास खाऊन दारूचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. बाटली नासली, असं त्याला वाटलं. साहेब हसले. दारू तीच आहे, म्हणाले, पण सोबतचा पदार्थ दारूपेक्षा गोड झाला की चांगली दारूही आंबट लागते. पदार्थ एक तर काळा असावा, भाजलेला, थोडा कडवट. नाही तर खारट. गोडीत त्यानं दारूच्या पुढे जाऊ नये.

मी हे सांगून झाल्यावर देवसिंग किती तरी वेळ सीताफळाच्या बिया एका बाजूला सारत बसला होता. मग म्हणाला, "म्हंजे सोयऱ्याचं घर आपल्याहून लय गोड नाई पाह्यजे. नाई तं आपलीच पोट्टी आंबट लागते."

तेव्हा मला कळलं की त्याच्या मनात काय चाललं होतं. मारेगावकडच्या एका तांड्याचे नायक खेमसिंग, त्यांच्या मुलासाठी, किसनसाठी, रुक्माचं बोलणं सुरू झालं होतं. खेमसिंगांची कपाशीची काळी जमीन होती, विहीर होती, दारात बैलजोड्या होत्या. देवसिंगकडे कोट होता. रुक्मानं किसनला केळापूरच्या देवीच्या जत्रेत पाहिलं होतं. तिनं ते आईला सांगितलं, आईनं देवसिंगला, आणि देवसिंगनं फक्त मला. जत्रेतून आल्यापासून पोरगी भाकरी करपवून राह्यली, असं तो सांगत होता. तक्रार केल्यासारखं सांगत होता, पण चेहऱ्यावर तक्रार नव्हती.

माघात साहेबांचं काम संपलं. सामान जीपमध्ये चढल्यावर त्यांनी पेटीतून शेवटची बाटली काढली आणि दोन्ही हातांनी देवसिंगला दिली. मला सांगायला लावलं की ही रुक्मासाठी. तिचं ठरेल तेव्हा उघडायची. आणि सोबत काळं काहीतरी, नाही तर खारट. देवसिंगनं मान हलवली. जीप गेल्यावर त्यानं कोट काढला, बाटली कोटात गुंडाळली आणि नुसत्या बनियनवर, त्या थंडीत, तांड्याकडे चालायला लागला. घरी ती त्यानं ज्वारीच्या कोठीत दाण्यांत पुरून ठेवली.

होळी झाली आणि खेमसिंगांचा निरोप आला की ते येतात.

त्या तांड्यांची रीत इथं सांगायला हवी. सगाई ठरते ती गुळानं आणि दारूनं. मुलीच्या बापानं दारू मांडायची. पिण्याआधी एक पळी विस्तवावर टाकायची. मोहाची चांगली दारू विस्तवावर पडली की भपकन पेटते. विस्तवानं ती घेतली असं म्हणतात, आणि मग तोच साक्षीदार. त्यानंतर दोन्ही बाप एका वाटीतून पितात, गूळ वाटला जातो, आणि दिलेला शब्द कुणालाच मागे घेता येत नाही. विस्तवानं नाही घेतली तर शब्दच दिला गेला नाही.

तांड्यात अशा दिवसासाठी मोहाची दारू नेहमी असायची. पण देवसिंगनं सगळ्यांना आधीच सांगून टाकलं होतं की या वेळी कुणी काही आणायचं नाही, त्याच्याकडे साहेबाची आहे. उभ्या जन्मात त्यानं केलेली ही एकच बढाई असावी. खेमसिंगांच्या बैलजोड्यांसमोर मांडायला त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं, हे मला दिसत होतं. त्याला थांबवावं असंही मला सुचलं नाही, कारण विस्तवाची रीत मला सगाईच्या दिवशीच कळली, आणि ही दारू पेटणार नाही हे देवसिंगच्या मनातही आलं नसावं.

मला बोलावणं होतं. चार वाजता गेलो तर कडुलिंबाखाली जाजम टाकलेलं. एका बाजूला खेमसिंग नायक आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला देवसिंग, त्याच्या तांड्याचे म्हातारे नायक रूपसिंग आणि बाकीचे. किसन आपल्या बापाच्या मागे, गुडघे जवळ घेऊन बसलेला. उंच, काळासावळा, नवीन धोतराची घडीसुद्धा न मोडलेली. जाजमाच्या पलीकडे मांडलेल्या चुलीवर लालीबाई मोठ्या लोखंडी कढईत कलेजी परतत होती. बायका तिच्या मागे, आणि त्यांच्यात कुठेतरी रुक्मा. ते लोक आपसात गोरबोलीत बोलत होते. मला त्यातलं जितकं कळलं तितकं इथं आमच्या वऱ्हाडीत लिहितो.

खेमसिंग आल्यापासून देवसिंगला इवाई, म्हणजे व्याही, म्हणत होते. इवाई, इकडं बसा. इवाई, तुमचा कोट भारी हाय. अजून काही ठरलेलं नसताना त्यांनी हा शब्द वापरावा, यानं देवसिंग पार विरघळला होता. त्यानं बाटली आणली. नुसती बाटली बघूनच माणसं पुढे सरकली. कुणी वरच्या कागदावरचं चित्र बघितलं, कुणी बुडाचा खळगा चाचपला. देवसिंगनं बूच काढलं आणि पितळी वाटीत थोडी ओतली. तिचा रंग पाहून एक म्हातारा म्हणाला, डाळिंबाची हाय काय. देवसिंगनं मोठ्या ऐटीत सांगितलं की दगडावर उगवलेल्या द्राक्षाची हाय, समुद्राच्या काठची.

खेमसिंगांनी पळी भरली, देवाचं नाव घेतलं आणि मधे ठेवलेल्या घमेल्यातल्या निखाऱ्यांवर टाकली.

चर्र असा आवाज झाला. थोडी वाफ निघाली, साखर जळल्याचा वास आला. निखारे तेवढ्या जागेत काळे पडले.

रूपसिंग नायकांनी विस्तव नीट फुलवला आणि दुसरी पळी टाकायला सांगितली. देवसिंगनं ती स्वतः टाकली. पुन्हा तेच. मला वाटलं मी काहीतरी बोलायला हवं, निदान त्या दारूची कहाणी सांगायला हवी, ती दगडी शेतं, त्या बरण्या. पण असल्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटत नाहीत. आणि फुटले असते तरी एका मास्तराचं ऐकून विस्तवानं आपलं मत बदललं नसतं.

खेमसिंगांनी वाटीत बोट बुडवलं आणि चाखलं.

"हे तं शरबत हाय, देवसिंग," ते म्हणाले.

'इवाई' हा शब्द गेला होता. ते काही रागानं बोलले नाहीत, हे मी सांगायला हवं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं की शरबतावर सगाई करून ते आपल्या तांड्याला काय तोंड दाखवणार. पुढे-मागे पाहू, म्हणाले. आणि जोडे घालायला उठले.

त्यांची माणसंही उठली. किसन उठला नाही. बापानं त्याच्याकडे पाहिलं, तरी तो तसाच गुडघ्यांना मिठी मारून जाजमाकडे बघत बसून राहिला. एका काकानं त्याच्या खांद्याला हात लावला. किसन म्हणाला की पायाला मुंग्या आल्या आहेत. इतका वेळ चाललेली बायकांची कुजबुज थांबली होती, म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं. मागून कुणीतरी, बहुधा रुक्माच, हसू दाबल्यासारखा आवाज केला.

देवसिंग बाटली हातात धरून उभा होता. साहेबांनी ती जशी दिली होती, तशीच दोन्ही हातांनी त्यानं ती धरली होती.

तेवढ्यात लालीबाई चुलीजवळून उठली. पुरुषांच्या बैठकीत बायका येत नाहीत. ती सरळ जाजमावरून चालत आली, हातातलं उलथनं तसंच, आणि देवसिंगसमोर उभी राहिली.

"शरबत हाय नं?" ती म्हणाली. "मंग बायकायचं हाय थे. आना इकडं. कलेजी तरी गोड होईन."

तिनं बाटली त्याच्या हातातून घेतली. कुणी काही म्हणण्याआधी ती चुलीशी पोचली आणि बाटली कढईवर उपडी केली.

कढई लाल तापलेली होती. खाली पळसाची लाकडं धडधडत होती. दारू कढईत पडली, वाफेचा लोट उठला, आणि पुढच्याच क्षणी त्या वाफेत खालून जाळ शिरला. माणसाच्या उंचीचा जाळ, खाली निळा आणि वर पिवळा. लालीबाईच्या ओढणीवर काचेचे आरसे लावलेले होते. त्यातल्या एकेका आरशात तो जाळ वेगळा दिसत होता. बाटली सरळ करत ती मागे सरकली, पण सोडली नाही. बायका ओरडल्या, कुत्री भुंकली, जोडे घालायला वाकलेले खेमसिंग एका पायावर तसेच उभे राहिले.

जाळ जसा आला तसा निवला. कढईत कलेजी चुरचुरत होती, काळीभोर आणि चकचकीत. लालीबाईच्या एका भुवईचे केस गेले होते.

रूपसिंग नायकांची नजर अधू होती. पण एवढा जाळ त्यांनाही दिसला असणार. ते जागेवरूनच म्हणाले, "घेतली."

मग इतरही म्हणू लागले. घेतली, विस्तवानं घेतली. एकजण म्हणाला की मोहाचीही इतकी उंच पेटत नाही. खेमसिंगांचा एक माणूस शंका काढू पाहत होता की रीत निखाऱ्यावर टाकायची आहे, कढईत नाही. त्यावर रूपसिंगांनी विचारलं की कढईखाली काय बर्फ हाय काय. तो माणूस पुन्हा जाजमावर बसला.

का पेटली ते मी पुढे एका पुस्तकात वाचलं. थंड दारूतलं पाणी निखारा विझवतं. तापली की आधी उडतो तो कडक अंश, आणि तो पेट घेतो. मोहाच्या दारूला तापवावं लागत नाही. लालीबाईला हे ठाऊक होतं का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. राग आल्ता, एवढंच ती म्हणाली.

खेमसिंग एक जोडा घालून आणि एक हातात घेऊन चुलीशी आले. कढईवर वाकून त्यांनी वास घेतला. लालीबाईनं उलथन्यावर एक तुकडा पुढे केला. त्यांनी तो फुंकून खाल्ला. चावताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. त्या रविवारी साहेब उठून उभे राहिले होते, तेव्हाचं तेच. त्यांनी हातातला जोडा खाली ठेवला.

"इवाई," ते वळून म्हणाले, "बाटलीत काही उरली का?"

बाटलीत निम्म्याला थोडी कमी होती. त्यानंतर काय झालं ते सांगायला मला दर वेळी आवडतं, आणि दर वेळी आपण नीट सांगितलं नाही असं वाटतं. दोन्ही बापांना एका वाटीतून प्यायचं होतं. खेमसिंग प्यायले, आणि वाटी देवसिंगकडे आली. त्यानं ती ओठांना लावल्यासारखं केलं आणि रूपसिंगांकडे दिली. माणसं पुष्कळ आणि दारू थोडी. मुलीच्या बापानं आधी पाहुण्यांचं बघायचं. पळी-पळी करून ती सगळ्यांना वाटली गेली. बरोबर पळसाच्या पानांवर कलेजी आणि काळा गूळ. कुणी गूळ आधी खाल्ला, कुणी कलेजी, आणि कशामागून काय बरं लागतं यावर जाजमावर दोन तट पडले. खेमसिंग कलेजीच्या बाजूनं होते. देवसिंग मधे उभा राहून त्यांना समजावत होता की काळं पाह्यजे, नाही तर खारट, अन् सोबतचं दारूहून गोड नाई पाह्यजे; जसं काही तो त्या समुद्राकाठच्या गावातच जन्मला होता. कलेजीसाठी तिसऱ्यांदा पान पुढे केलं ते किसननं. आता त्याच्या पायाला काही झालेलं नव्हतं. पान वाढायला लालीबाईनं रुक्मालाच पाठवलं. ती खाली बघत आली, खाली बघत वाढून गेली, आणि किसनच्या पानावर इतकी कलेजी पडली की शेजारच्या माणसानं विचारलं, आमी काय पाप केलं.

निघताना खेमसिंगांनी देवसिंगच्या कोटाचं सगळ्यात वरचं बटण अंगठ्यानं घासलं आणि म्हणाले की लग्नातही हाच घाला. पाहुण्यांच्या बैलगाड्या वळणापलीकडे जाईपर्यंत देवसिंग वाटेत उभा होता.

मीही निघायला हवं होतं, पण तो मला सोडेना. ऊन उतरलं होतं. जाजमावर पळसाची पानं विखुरलेली होती. देवसिंगनं रिकामी बाटली उचलली, उजेडाकडे धरली. बुडाला एक लाल रेघ होती, बस. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की सबंध दुपारभर त्याच्या पोटात एक थेंबही गेलेला नव्हता. लालीबाईच्या तर नव्हताच.

त्यानं मडक्यातलं थोडं पाणी बाटलीत ओतलं, तळहातानं तोंड बंद करून बाटली हलवली आणि पितळी वाटीत उपडी केली. पाणी गुलाबी झालं होतं. वाटी तो तोंडाजवळ नेणार, इतक्यात थांबला आणि इकडंतिकडं बघायला लागला. काय शोधतो ते मला कळेना. लालीबाईला कळलं. तिनं कढईच्या बुडाला लागलेली कलेजीची काळी खरवड उलथन्यानं खरडून काढली, अर्धी त्याच्या तळहातावर ठेवली, अर्धी स्वतः घेतली. आधी त्यानं वाटी तिच्यापुढे धरली.

घरामागे म्हाताऱ्या बायका रुक्माला घेऊन बसल्या होत्या. नवरी सासरी निघताना आई-बापाच्या गळ्यात पडून जो ढावलो, म्हणजे रडगाणं, म्हणते, तो सगाई झाल्या दिवसापासून शिकवायचा असतो. म्हातारी एक ओळ म्हणायची आणि रुक्मा मागून. रडायचा सूर तिला काही केल्या लागत नव्हता, मधेच हसू येत होतं, आणि म्हातारी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. दोघं नवरा-बायको चुलीपाशी उकिडवी बसून, एकेक घोट घेत, ते ऐकत होती.